जहाजांच्या ट्रान्सफॉर्मरची भट्टी राहत्या घरातून हलविण्याबाबत

प्रति,
मा. गाळे वाटप अधिकारी,
विभागीय औद्योगिक वसाहत कार्यालय,
नागपूर.

अर्जदार : सौ. शामला रुपराव नगरारे, बी.ए.,
मालक, नगरारे इलेक्ट्रिकल वर्क्स,
इंदोरा, नागपूर – ४.

विषय : जहाजांसाठी ट्रान्सफॉर्मर बनविणाऱ्या आमच्या उद्योगास कामठी रस्त्यावरील नव्या वसाहतीत गाळा मिळण्याबाबत, व न मिळाल्यास त्याचे कारण लेखी मिळण्याबाबत.

संदर्भ : १) माझे यापूर्वीचे चार अर्ज. २) गाळा नाकारल्याचे आपले पत्र. ३) आपल्या दालनात झालेली समक्ष सुनावणी.

महोदय,

१. या अर्जात नवीन मागणी एकच आहे आणि ती अगदी शेवटी आहे. तेथपर्यंत वाचावे ही पहिली विनंती. आधीचे अर्ज विषयाच्या ओळीपुढे कोणी वाचले असते तर हा पाचवा लिहावा लागला नसता.

२. आम्ही काय करतो ते पुन्हा सांगते. इंदोऱ्यातील आमच्या राहत्या घराच्या मागच्या खोलीत आम्ही जहाजांवर लागणारे विजेचे ट्रान्सफॉर्मर बनवतो आणि मुंबईच्या एका गोदीला पुरवतो. जहाजाच्या यंत्रघरातील वीज जास्त दाबाची असते. खलाशांच्या खोल्यांतले दिवे आणि पंखे कमी दाबावर चालतात. मध्ये तो दाब उतरवणारी जी लोखंडी पेटी असते ती आमची. माझे पती श्री. रुपराव हे त्या गोदीत इलेक्ट्रिशियन होते. सासरे वारल्यावर आईला एकटे ठेवता येईना म्हणून ते नोकरी सोडून परत आले, आणि हाताला जे काम ठाऊक होते तेच त्यांनी येथे सुरू केले. नोंदणीच्या वेळी त्यांचा राजीनामा मंजूर व्हायचा होता, म्हणून उद्योगाची नोंदणी माझ्या नावे आहे. म्हणून अर्ज मी करते. "घरचे माणूस का आले नाही?" असे आपल्या कार्यालयात प्रत्येक वेळी विचारले जाते, त्याचे हे उत्तर समजावे.

रस्त्याच्या खांबावर आपण पाहतो तो ट्रान्सफॉर्मर तेलात बुडवलेला असतो. जहाजावरचा कोरडा असतो. तांब्याच्या तारेची गुंडाळी वार्निशमध्ये बुडवायची, निथळू द्यायची, भट्टीत भाजायची, पुन्हा बुडवायची, पुन्हा भाजायची, म्हणजे समुद्राची खारी दमट हवा तिच्यात शिरत नाही. भट्टी म्हणजे पत्र्याचे एक कपाट आहे, आत विजेच्या कॉइल बसवलेल्या. गुंडाळी भाजू लागली की वार्निशमधला थिनर हवेत उडतो. उडून तो कुठे जातो, एवढाच या सगळ्या पत्रव्यवहाराचा विषय आहे.

३. तो माझ्या मुलीच्या छातीत जातो. कु. विशाखा चौथ्या वर्षात आहे. भट्टीची खोली आणि आमची झोपायची खोली यांच्यामध्ये एक दार आहे आणि त्या दाराला फटी आहेत. फटींत मी जुने लुगडे कोंबून पाहिले, वर पुठ्ठा ठोकून पाहिला. थंडीत खिडक्या लावाव्या लागतात तेव्हा काहीच उपयोग होत नाही. तिची छाती घरघरते, बोलताना वाक्य अर्धे राहते. अंगणात खेळता खेळता ती मधेच उकिडवी बसते, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवते आणि श्वास गोळा करते. गल्लीतली मुले "म्हातारी बसली, म्हातारी बसली" म्हणून तिच्याभोवती नाचतात. तीही हसते. हसली की खोकला सुरू होतो.

डॉक्टरांनी तिची छाती तपासली, आमच्या कपड्यांचा वास घेतला आणि विचारले, घरात काय करता? सांगितल्यावर म्हणाले, "भट्टी तरी हलवा, नाहीतर पोरगी तरी. दोघी एका घरात राहणार नाहीत." मी भट्टी हलवायची ठरवले. कोणतीही आई तेच ठरवील. यात काही अवघड आहे असे मला त्या दिवशी वाटले नव्हते.

४. खासगी जागा का पाहिली नाही, असे आपण सुनावणीत विचारले होते. पाहिल्या. दाखवताना जागा रिकामी असते. आडनाव सांगितले की ती कालच कुणालातरी दिलेली निघते. एका सद्गृहस्थांनी सरळ विचारले, "नगरारे म्हणजे कोणते?" मी म्हटले, इंदोऱ्याचे, बौद्ध. त्यांना तेवढे पुरले. आपल्या माहितीपत्रकात छापले आहे की वसाहतीत उद्योगाची पात्रता एवढाच निकष पाहिला जाईल. ते वाक्य वाचून मी पतींना म्हटले होते की बघा, सरकारला आडनाव वाचायला वेळ नसतो. त्या भरवशावर पहिला अर्ज केला.

५. पहिला अर्ज मी स्वतः आवक खिडकीवर दिला. लिपिकांनी विषय वाचला आणि मग सगळ्या खोलीला वाचून दाखवला. "ऐका जी, नागपुरात जहाज आलं!" मागून एकजण म्हणाले, "अंबाझरी तलावात बांधून ठेवा म्हणा." तिसऱ्यांनी मला विचारले, "बाई, तिकीट केवढं हाय? लेकराइले फिरवून आणतो." मीही हसले. अर्ज घ्यायला लावायचा असेल तर हसावे लागते.

हसण्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार ही आहे की त्या हसण्याचा शेरा झाला. 'जहाज' हा शब्द पाहून माझा अर्ज मासेमारीचे काम पाहणाऱ्या कार्यालयाकडे पाठविण्यात आला. अख्खा पावसाळा तो तेथे होता. तेथील एक गृहस्थ आमच्या घरी येऊन गेले. त्यांनी माझ्या सासूबाईंना विचारले की होड्या कुठे ठेवता. सासूबाईंनी त्यांना मागची विहीर दाखवली. अर्ज परत आला तेव्हा त्यावर लिहिले होते : "अर्जदाराकडे नौका अथवा जाळे नाही. या कार्यालयाशी संबंध नाही." हे खरे आहे. आमच्याकडे नौका अथवा जाळे नाही.

६. दुसऱ्या अर्जात मी 'जहाज' हा शब्द शक्य तेथे गाळला आणि 'ट्रान्सफॉर्मर' असे लिहिले. त्यावर आक्षेप आला की ट्रान्सफॉर्मर उद्योगाने तेलाचा हौद, वाळूच्या बादल्या व अग्निशमनाची व्यवस्था यांचा नकाशा जोडावा. नकाशा नव्हता, कारण हौद नव्हता, कारण तेल नव्हते. समजावून सांगण्यासाठी माझे पती कामावरून तसेच, हाताला वार्निश लागलेले, आपल्या कार्यालयात आले. मी सोबत होते. त्यांचे तांत्रिक शाखेच्या सहायकांशी जे बोलणे झाले ते मी त्याच दिवशी घरी येऊन लिहून ठेवले, कारण ते कोणी मानणार नाही असे मला वाटले.

पती म्हणाले, "साहेब, जहाज हलते. हलले की तेल सांडते. सांडले की पेट घेऊ शकते. अन् भर समुद्रात उतरून पळता येत नाही. म्हणून आमच्यात तेल नसतेच."

सहायक म्हणाले, "मग तेल टाकू नका."

"नाही टाकत, साहेब."

"नाही टाकत, तर मग त्याले ट्रान्सफॉर्मर काहून म्हणून राहिले तुम्ही?"

माझे पती गोदीत असताना मोठमोठ्या साहेबांशी बोललेले आहेत. त्या दिवशी ते नमस्कार करून वळले. बाहेर आल्यावर पायरीवर बसले आणि मला म्हणाले, "शामला, तूच सांग वं, त्याले काय म्हणू?"

७. तिसऱ्या अर्जात मी सगळे बाजूला ठेवून फक्त वासाबद्दल आणि मुलीबद्दल लिहिले. त्यावर पाहणीचे आदेश निघाले, याबद्दल मी आजही आभारी आहे. पाहणीचे पत्र आधी आले. त्यात लिहिले होते, "जागा सुस्थितीत ठेवावी."

हे तीन शब्द आमच्या घरात मी वाचून दाखवायला नको होते. माझ्या सासूबाई श्रीमती बायजाबाई यांनी ते मनावर घेतले. सरकारी माणूस प्रथमच आमच्या घराच्या आत येणार होता. त्यांनी भट्टी बंद करायला लावली, वार्निशचे डबे शेजारच्या सिंधूताईंच्या परसात हलवले, भिंतींना चुना दिला, फरशी फिनाइलने पुसून घेतली. मी म्हटले, आई, वास तसाच राहू द्या, ते वास पाहायलाच येत आहेत. त्या म्हणाल्या, "काहून वं, सरकारी माणूस दारात येऊन राहिला, अन् त्याले असा वास देशीन काय? आपल्या लोकाइच्या घराले नावं ठेवाले त्याइले निमित्त नाही पाहिजे. तुह्या कालेजात हेच शिकवलं काय?" मी पतींकडे पाहिले. ते झाडू घेऊन विजेच्या भट्टीची नसलेली राख झाडत होते. मग मीही चांगले कप काढले.

निरीक्षक आले तेव्हा भगवान बुद्धांच्या तसबिरीसमोर उदबत्त्यांचा पुडा सबंध पेटवलेला होता. त्यांनी डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाले, "वा मायबाई, घर कसं मंदिरावानी ठेवलं जी!" सासूबाईंनी त्यांना चहा आणि चिवडा दिला, आणखी घ्या, आणखी घ्या म्हटले. विशाखा नवीन फ्रॉक घालून समोर आली. भट्टी दोन दिवस थंड होती, म्हणून तिचा श्वास मोकळा होता. तिने कविता पूर्ण म्हटली आणि अंगणभर धावून दाखवले. एरवी ती धावत नाही. तिला धावताना पाहून मला रडू यायला लागले, आणि निरीक्षकांना वाटले की मी पाहुणचाराच्या आनंदात आहे.

अहवालात असे नोंदवले आहे : "जागा स्वच्छ, हवेशीर व सुगंधी आढळली. उपद्रव जाणवला नाही. मूल सुदृढ." त्यांनी जे पाहिले तेच लिहिले आहे, मी त्यांना दोष देत नाही. त्यांनी मुलीचे धावणे नोंदवले. भट्टी बंद होती हे नोंदवले नाही. दोन दिवस भट्टी बंद असली की मूल धावते, यापेक्षा मोठा पुरावा माझ्याकडे नव्हता, आणि तोच माझ्याविरुद्ध गेला.

८. चौथ्या अर्जात मी पूर्वसूचना न देता, भट्टी चालू असताना पाहणी करावी असे सुचवले. कळविण्यात आले की पूर्वसूचनेशिवाय पाहणी फक्त तक्रारीवरून होते, आणि स्वतःविरुद्ध स्वतः तक्रार करता येत नाही. शेजारच्या सिंधूताई तक्रार करायला तयार झाल्या. "तुह्यासाठी मी तुह्याच नावाने बोंबलतो, त्यात काय," म्हणाल्या. परंतु चौकशी केली तेव्हा समजले की शेजाऱ्याची तक्रार खरी ठरल्यास उद्योगाची नोंदणीच रद्द होते, आणि नोंदणी नसलेल्याला गाळा मिळत नाही. मी सिंधूताईंना घरी पाठवले.

त्यानंतर आपले पत्र आले. ते मला पाठ आहे. (अ) तेलाचा वापर नसल्यामुळे सदर वस्तू ट्रान्सफॉर्मर या सदरात बसत नाही, सबब हा घरगुती उद्योग होय. (आ) घरगुती उद्योगास घर हीच योग्य जागा होय.

माझा बी.ए.चा विषय लोकप्रशासन होता. हे पत्र परीक्षेत उतारा म्हणून आले असते तर त्यात चूक दाखवणे मला जमले नसते.

९. नव्या वसाहतीतील रस्त्याच्या टोकाचा गाळा अजून कुणालाही दिलेला नाही, हे मी खात्रीने सांगते. कन्हानला माझी मावशी राहते. तिच्याकडे जाता-येता बस तेथून जाते आणि मी प्रत्येक वेळी पाहते. दाराला कुलूप आहे. मागच्या वेळी मी उतरले. समोरच्या ओट्यावर लाल मिरच्या वाळत घातलेल्या होत्या. चौकीदाराची बायको त्या उलथत होती. मी विचारले, येथेच का घालता? ती म्हणाली, "इथं हवा लई मोकळी हाय, बाई. मिरचीले हवा लागते, नाहीतर बुरशी धरते." तिचे बरोबरच होते.

१०. आता सुनावणीबद्दल. आपण मला खुर्ची दिलीत, पाणी मागवलेत, आणि मधे न बोलता ऐकून घेतलेत. आपल्या कार्यालयात असे प्रथमच घडले, म्हणून मी जास्त बोलले असेन. मी आपल्याला हेही सांगितले की गोदीकडून दरवेळी एक तपासनीस येतात आणि यंत्र लावून पाहतात की गुंडाळीत ओलसर हवा शिरली आहे का. काटा जरा जरी खाली राहिला तरी माल परत करतात. तांब्याच्या तारेच्या आत काय शिरते याची मुंबईहून नागपुरात येऊन कोणी काळजी करतो. आपण मान हलवलीत. मला वाटले आपल्याला कळले.

मग आपण म्हणालात, "तुम्ही शिकलेल्या आहात, व्यवहार बघा. एवढी भट्टी हलवण्यापेक्षा मुलीला आजोळी ठेवणं सोपं. हवापालट होईल." मी विचारले, किती दिवस? आपण घंटी वाजवलीत. शिपायाने पुढच्या माणसाला आत आणले.

११. मी आपल्या सल्ल्याप्रमाणे वागले आहे. दुसरा मार्ग उरला नव्हता. भट्टी बंद करायची तर आमच्याकडच्या दोन कामगारांना घरी बसवायचे आणि गोदीचे काम कायमचे हातचे घालवायचे. पती त्यालाही तयार झाले होते. सासूबाई म्हणाल्या, "पोरीसाठी पोरीच्या तोंडचा घास काढता काय रे?" भट्टी चालूच राहिली. गेल्या महिन्यात मी विशाखाला पारशिवनीला माझ्या आईवडिलांकडे नेऊन सोडले. तिला सांगितले की भट्टी गरम आहे, थंड झाली की तुला न्यायला येईन. बसमध्ये बसताना मी मागे वळून पाहिले नाही असे लिहायचे होते, परंतु मी पाहिले. ती आजोबांच्या कडेवर होती आणि रडत नव्हती. तिला वाटले होते संध्याकाळी थंड होईल.

तेथे तिची छाती मोकळी झाली आहे. वडील लिहितात की ती गावातल्या पोरांबरोबर शेताच्या बांधावरून पळते, कविता न थांबता म्हणते, वजनही वाढले आहे. म्हणजे आपला सल्ला बरोबर ठरला. आता मी तिला परत आणू म्हटले तर लोक मलाच विचारतील की बऱ्या झालेल्या मुलीला पुन्हा धुरात आणतेस काय? तेव्हा ती बरी आहे तोवर येऊ शकत नाही, आणि येथे आली तर बरी राहू शकत नाही. ट्रान्सफॉर्मरचे आमचे काम मात्र वेळेवर चालू आहे. या आठवड्यात एक पेटी मुंबईला रवाना झाली. ज्या जहाजावर ती बसेल त्याच्या खोल्यांत दिवे लागतील.

१२. गाळ्याची माझी मागणी कायम आहे. मी ती सोडलेली नाही, असे नोंदवावे. तो निर्णय होईपर्यंत पुढील मागणी मात्र स्वतंत्रपणे विचारात घ्यावी.

माझ्या आईने कळवले आहे की विशाखा रोज दिवेलागणीला दारात येऊन बसते आणि विचारते, "आजी, भट्टी थंडी झाली काय वं?" आई तिला 'उद्या' म्हणून सांगत होती. आता तिला 'उद्या' कळायला लागला आहे, म्हणून आईने मला विचारले आहे की काय सांगू. मी खोटे सांगू शकत नाही, आणि खरे सांगण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. ही भट्टी घरातच का राहिली आणि विशाखा घराबाहेर का गेली याचे कारण मला माहीत नाही; ते आपल्या कार्यालयाला माहीत आहे.

तरी कृपा करून आपण तिला उत्तर द्यावे. पत्र माझ्या नावाने नसावे, कु. विशाखा रुपराव नगरारे या नावाने असावे. त्यावर जावक क्रमांक असावा आणि सही आपली स्वतःची असावी, लिपिकाची नको. भाषा सोपी ठेवावी. 'सबब' आणि 'सदर' हे शब्द तिला समजणार नाहीत. तिचे आजोबा निवृत्त शिक्षक आहेत, ते वाचून दाखवतील. ती मधे प्रश्न विचारते, तेव्हा पत्र असे लिहावे की पुढचा प्रश्न उरणार नाही. असे पत्र लिहिता येत नाही, असे लिहायला बसल्यावर आपल्याला वाटले, तर मग गाळ्याच्या किल्लीचा विचार करावा.

उत्तराची वाट पाहणारी,

(सौ. शामला रुपराव नगरारे)
नागपूर, दिनांक ९ फेब्रुवारी १९७९

सोबत :
१) डॉक्टरांची चिठ्ठी.
२) गोदीचे माल पसंतीचे पत्र, नक्कल.
३) गाळा नाकारल्याचे आपले पत्र, नक्कल.
४) पारशिवनीचा पत्ता लिहून तिकीट लावलेले रिकामे पाकीट.